कानाजवळून गेलेली गोळी

नाशिकच्या द्वारका चौकात रिक्षा अडकली की चालकाला गप्पांना वेळच वेळ. एका बाजूने आग्रा रोडचे ट्रक, दुसऱ्या बाजूने नाशिकरोडच्या बस, आणि सारडा सर्कलकडून मिळेल त्या फटीत शिरणाऱ्या दुचाक्या. परवा असाच अडकलो होतो. रिक्षावाले काका मेव्हण्याच्या द्राक्षबागेचं सांगत होते. छाटणी झाली, वर पाऊस आला, मग डावणी रोग. "पार पानिपत झालं बघा." तेवढ्यात शेजारून वळणाऱ्या ट्रकचा आरसा रिक्षाच्या हुडाला करकरत घासून गेला. माझं कोपर तिथून चार बोटांवर होतं. काकांनी मान वळवून पाहिलं आणि म्हणाले, "थोडक्यात हुकलं."

ही दोन वाक्यं दिवसभर डोक्यात राहिली. 14 जानेवारी 1761 ला हरियाणातल्या एका मैदानावर जे झालं, ते पिंपळगावच्या द्राक्षबागेला लावायला काकांना इतिहासाचं पुस्तक उघडावं लागलं नाही. भाषेनेच ते त्यांच्या हातात ठेवलं होतं. एमिल दुर्खीम यांनी 1893 मध्ये समूहाच्या जाणिवेची कल्पना मांडली, पुढे कार्ल युंग यांनी सामूहिक अबोध मनाची. दोन्ही वाचताना मला नेहमी डोक्यावर तरंगणारा एखादा ढग दिसायचा. आता वाटतं, समूहमन असं कुठे वर नसतं. ते 'पानिपत होणं' यासारख्या शब्दप्रयोगात मुरलेलं असतं, आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

दुसरं वाक्य, थोडक्यात हुकल्याचं. त्यावर तर खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी आख्खी कथा लिहिली आहे.

'गंगाधरपंतांचे पानिपत' अनेकांनी वाचली असेल. 'द अ‍ॅडव्हेंचर' या नावाने ती अकरावीच्या इंग्रजी पुस्तकातही आली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे यांची ट्रकशी टक्कर होते आणि ते अशा जगात जाऊन पोहोचतात, जिथे पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकली आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे पेशव्यांचे थोरले पुत्र विश्वासराव यांना लागलेली गोळी तिथे कानाजवळून निघून गेली. पुरावा म्हणून खिशात भाऊसाहेबांच्या बखरीचं एक फाटकं पान. पुढे त्यांचा शास्त्रज्ञ मित्र त्यांना पुंजवाद (क्वांटम सिद्धांत) समजावून सांगतो: इलेक्ट्रॉन नेमका कुठे सापडेल हे आधी सांगता येत नाही, फक्त शक्यता सांगता येतात; आणि त्या सगळ्याच शक्यता आपापल्या जगात खऱ्या असतील तर?

हा 'तर' भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेटचा. त्याने ही मांडणी 1957 मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी नारळीकर बनारसहून केंब्रिजला गेले; योगायोग, यापलीकडे त्यात काही वाचू नये. पण त्याआधीपासूनच पुंजभौतिकी आणि मन यांची गाठ मारायची हौस मोठमोठ्यांना होती. 1930 च्या जुलैत बर्लिनजवळ काप्युथला आइन्स्टाइन आणि रवींद्रनाथ समोरासमोर बसले आणि माणसाचं मन नसेल तर सत्य उरेल का, यावर दोघांचं काही जमलं नाही. 1952 मध्ये युंग आणि वोल्फगांग पाउली यांचं लेखन एकाच पुस्तकात आलं. एक मानसशास्त्रज्ञ, दुसरा नोबेल मिळालेला भौतिकशास्त्रज्ञ; अर्थपूर्ण योगायोगांमागे मन आणि पदार्थ यांचं काही समान मूळ आहे का, हे शोधत होते. मग 1975 मध्ये फ्रिट्जॉफ काप्रांचं 'द ताओ ऑफ फिजिक्स' आलं आणि ही वाट हमरस्ता झाली. आज त्या रस्त्यावर इतकी गर्दी आहे की मन बरं करणारे, पैसा खेचणारे, गर्भसंस्कारवाले, सगळ्यांच्या फलकांवर 'क्वांटम' असतं.

माझी अडचण इथे सुरू होते. 2022 चं नोबेल ज्या प्रयोगांना मिळालं, त्यांनी दूरवरच्या दोन कणांचं गुंतलेपण पक्कं केलं, हे खरं. पण त्याच गणितातून हेही निघतं, की त्या गुंत्यातून निरोप धाडता येत नाही. मग दोन कवींना एकाच रात्री एकच प्रतिमा सुचण्याचं श्रेय अशा कणांना कसं द्यायचं? दोघांनी त्याच ओव्या ऐकलेल्या असतात, तोच दुष्काळ पाहिलेला असतो. एवढं पुरतं.

आणि गोळीचं काय? साधा हिशेब करू. वीस ग्रॅमची शिशाची गोळी, तिची जागा मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत ठाऊक आहे असं धरू. पुंजवादातली अनिश्चितता तिला एका सेकंदात जेवढं हलवील, ते अंतर प्रोटॉनच्या आकाराच्या लाख-कोटीव्या भागाएवढं. तेवढ्याने कान वाचत नाही. नारळीकरांना हे कळत नव्हतं असं कोण म्हणेल? म्हणून तर त्यांनी कथेत रने थॉम यांचा आपत्ती-सिद्धांतही आणला: ऐन मोक्याच्या क्षणी बारीकसा बदल झाला तरी लढाईचं पारडं फिरतं. तरीही कथा उभी राहते ती या दोन सिद्धांतांवर नाही. ती उभी राहते अडीचशे वर्षं मराठी घरांत पुटपुटल्या गेलेल्या 'विश्वासराव पडले नसते तर' या वाक्यावर. पुंजवादाने त्या वाक्याला उभं राहायला जागा दिली, आणि फाटक्या पानाची युक्ती लेखकाने स्वतः बसून घडवली.

नारळीकरांचं खुद्द संशोधनही एक आणि अवघं यांच्या नात्याचंच होतं. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी अशी मांडणी केली, की अणूमधून प्रकाश बाहेर पडतो त्यात साऱ्या विश्वाच्या प्रतिसादाचा वाटा असतो. याहून 'आध्यात्मिक' वाटणारं वाक्य कुठल्या फलकावर सापडेल? पण त्यामागे समीकरणं होती आणि ती चुकीची ठरण्याची तयारी होती. हाच माणूस ज्योतिषाची चाचणी घ्यायला बसला तेव्हा 27 ज्योतिष्यांनी प्रत्येकी 40 कुंडल्या तपासून हुशार मुलं कोणती आणि मतिमंद कोणती ते सांगितलं. बरोबर उत्तरं 46 टक्के. नाणं उडवलं असतं तर थोडी जास्त आली असती. कथेत त्यांनी दोन जगं मोकळेपणाने दिली. दावा आला की आकडे मागितले.

द्वारकेहून आग्रा रोडने कन्नमवार पूल ओलांडून पुढे गेलं की आडगाव लागतं. डिसेंबर 2021 मध्ये 94 वं साहित्य संमेलन तिथे भरलं. उद्घाटक 'पानिपत'कार विश्वास पाटील, अध्यक्ष पानिपत फिरवणारे नारळीकर. प्रकृतीमुळे नारळीकर येऊ शकले नाहीत. कथेतले गंगाधरपंत दुसऱ्या जगात आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षाची रिकामी खुर्ची पाहून न राहवून व्यासपीठावर चढतात आणि लोकांचा मार खातात, कारण त्या जगाने अध्यक्ष ही भानगडच बंद केलेली असते. आडगावला ही आठवण कुणी काढली की नाही, कोण जाणे. मला ती अशी सुचली, की क्षणभर युंग आणि पाउलींची बाजू घ्यावीशी वाटली.

कथेत नसलेलं एक माणूस मात्र नाशिकचं आहे. विश्वासरावांच्या आई गोपिकाबाई. थोरला मुलगा पानिपतावर गेला, त्याच वर्षी नानासाहेब पेशवे गेले, पेशवाईची वस्त्रं धाकट्या माधवरावांना मिळाली. त्यांच्याशी पटेना, तेव्हा बाई पुणं सोडून इथे गोदाकाठी गंगापूरला येऊन राहिल्या. गोळी कानाजवळून गेली असती तर माधवराव कदाचित पेशवे झालेच नसते, आणि मायलेकांचं भांडणही नसतं. त्या जगात गंगापूरच्या त्या घरात दुसरंच कुणी राहत असेल.

सिग्नल सुटला. काकांनी किक मारली आणि मेव्हण्याला फोन लावला.