चुकीचा धनी

स्वतःच्या मोटारीची दुरुस्ती स्वतः करताना झालेल्या चुकीचा धनी कोण, हा प्रश्न वरवर पाहता निरर्थक वाटेल. मोटार आपली, हात आपले, नुकसानही आपलेच. मग यात नीतीचा संबंध कोठे येतो? पुष्कळ वर्षे आमचीही हीच समजूत होती.

आम्हा बेळगावकरांना स्वहस्ते काम करण्याचा थोडा अभिमानच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली याच शहरात सायकलचे दुकान काढले. कडबाकुट्टी यंत्र आणि लोखंडी नांगर यांचा आरंभही येथलाच. १९१० साली त्यांचा कारखाना कुंडलजवळच्या माळावर गेला आणि त्याची किर्लोस्करवाडी झाली. आमच्या अनगोळला लागून असलेल्या उद्यमबागेत आजही ओतकामाचे व यंत्रकामाचे कारखाने चालतात. अशा गावात हाती पाना धरता न येणे हा कमीपणाच. म्हणून घरची जुनी पद्मिनी आम्ही स्वतः उघडत असू. चुकाही होत. इंजिनचे ऑइल बदलताना तळाचा बोल्ट अतिउत्साहाने आवळून एकदा त्याचे आटे घालवले. त्याचा दंड आमच्याच खिशाने भरला आणि प्रकरण तेथेच मिटले.

ब्रेकचे तसे नव्हते. ब्रेकच्या नळीतील हवा काढावयास दोन माणसे लागतात. एकाने पेडल दाबून धरावयाचे, दुसऱ्याने चाकाजवळचा निपल सैल करून बुडबुड्यांसह तेल बाहेर जाऊ द्यावयाचे आणि पेडल सोडण्यापूर्वी तो पुन्हा आवळावयाचा. आम्ही हे काम एकट्याने उरकले. उघड्या निपलमधून हवा उलट आत शिरली. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. त्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचत नाही. दुसऱ्या दिवशी रेल्वे फाटकाच्या अलीकडे पेडल थेट तळाला टेकले. मागे आई बसली होती. दोन-तीनदा पेडल मारल्यावर गाडी कशीबशी थांबली.

गाडी ओढून गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रींनी विचारले, "तुम्ही काय हात लावलासा काय?" आम्ही म्हणालो, "नाही, आपोआपच झाले." महिन्यापूर्वी त्याच गॅरेजातील एका उमेदवार मुलाने ब्रेकचे लायनर बदलले होते. मिस्त्रींनी आमच्यादेखत त्याला फैलावर घेतले. मुलगा खाली मान घालून उभा राहिला. आम्हीही उभे होतो, आणि गप्प होतो.

चार दिवसांनी जाऊन आम्ही खरे सांगितले. मिस्त्री रागावले नाहीत. त्यांनी मुलाला हाक मारली आणि म्हणाले, "तुझी चूक नव्हती रे." ते चार दिवस त्याने कसे काढले, हे विचारण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही.

चुकण्याचा अधिकार माणसाला असावा. त्यावाचून कोणी काही शिकणार नाही. पण मागे दुसरे कोणी बसले असेल तेथे तो अधिकार एकट्याचा उरत नाही. आईला गाडीत बसवण्यापूर्वी रिकाम्या मैदानात ब्रेक तपासून पाहणे आमच्या हाती होते. एवढे तरी आम्ही करावयास हवे होते. तो निष्काळजीपणा होता आणि निष्काळजीपणाची क्षमा मागता येते. गॅरेजमधील मौन मात्र आम्ही जाणूनबुजून धरले होते. त्या मौनाने आम्हाला एक गोष्ट शिकवली. चूक बेवारस राहत नाही. तिच्या धन्याने ती स्वीकारली नाही, तर ती तेथे उपस्थित असलेल्यांत ज्याला उलट बोलता येत नाही, त्याच्या अंगावर जाते. घरात ती मोलकरणीच्या अंगावर जाते, कचेरीत शिपायाच्या, गॅरेजात उमेदवाराच्या. त्यासाठी खोटा आरोप करण्याचीही गरज नसते. गप्प राहणे पुरते.

पद्मिनी पुढे विकली. पाना अजून हाती धरतो. मात्र गाडी मिस्त्रींकडे नेली, की त्यांनी विचारण्याआधीच आम्ही काय काय उघडले होते ते सांगून टाकतो. ते हसतात. हसू देत.