पाहणाऱ्याची जबाबदारी

हिचकॉकच्या ‘रिअर विंडो’ या १९५४ सालच्या चित्रपटात पाय मोडून घरात अडकलेला छायाचित्रकार दिवसभर समोरच्या खिडक्या न्याहाळत बसतो. एकीत नर्तकी सराव करते. दुसरीत एकटी बाई न आलेल्या पाहुण्यासाठी टेबल मांडते. आधी दुर्बीण, मग लांब पल्ल्याची लेन्स. आपणही त्याच्याच डोळ्यांनी पाहतो आणि त्यात रमतो. पुढे बायकोच्या खुनाचा संशय असलेला शेजारी मान वर करून थेट लेन्सकडे बघतो. त्या नजरेनं आपण चपापतो. तोवर समोरच्या कुणाला आपल्याकडे बघण्याची मुभाच नव्हती!

ब्रिटिश अभ्यासक लॉरा मल्वी यांनी १९७५ मध्ये ‘स्क्रीन’ या नियतकालिकात पडद्यावरच्या बाईकडे पाहण्याच्या अशा रीतींवर लिहिलं. चोरून पाहण्याचं सुख ही एक रीत. दुसरीत बाईला वस्तूसारखं सजवून पुजायचं. याचं उदाहरण म्हणून त्यांनी अभिनेत्री मार्लेन डीट्रिचला घेऊन दिग्दर्शक स्टर्नबर्गनं केलेले चित्रपट दिले. कथा थांबते, प्रकाश गालावर, पायांवर स्थिरावतो. पूजा असली तरी ती सुट्या अवयवांची. त्या बाईला काय वाटतंय, हे दोन्ही रीतींत कुणी विचारत नाही.

जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा ‘चक्र’ (१९८१) हा चित्रपट आठवा. झोपडपट्टीतल्या बाईला आडोसा नाही, म्हणून ती उघड्यावर अंघोळ करते. चित्रपटात ते दृश्य तिच्या गरिबीचा भाग आहे. जाहिरातीत मात्र तेवढंच उचलून वापरलं गेलं आणि ही भूमिका करणाऱ्या स्मिता पाटील यांनी त्यावर जाहीर नापसंती व्यक्त केली. शरीर तेच, पाणी तेच. पण भोवतालची वस्ती पुसली की तिचं दुःख जातं, उरतं फक्त आमिष. म्हणून काय दाखवलं यापेक्षा कशातून तोडून दाखवलं, हा प्रश्न मला मोठा वाटतो. उघडं शरीर दाखवणं अनैतिक नाही. माणूस वगळून ते दाखवणं अनैतिक आहे.

दिग्दर्शकाला दोष देऊन आपण सुटत नाही, कारण हा माल आपल्या नजरेसाठीच बनतो. टीव्हीवरच्या गाण्यात कॅमेरा बाईच्या कमरेवर रेंगाळला, तर तिचा चेहरा कुठे गेला, असं मोठ्यानं विचारा. घरात मुलं बसलेली असतील तर जरूर विचारा.