गप्पी मासा आणि आपलं पाणी

इंदूरमध्ये नर्मदेचं पाणी नळाला एक दिवसाआड येतं, त्यामुळे घरोघरी हौद, टाक्या, पिंपं भरून ठेवायची सवय आहे. अशा साठवलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडीस डास अंडी घालतो आणि त्याच्या अळ्यांवर उपाय म्हणून हौदात गप्पी मासे सोडतात. आमच्याही हौदात ते आहेत. वर्षानुवर्षं त्यांना पाहताना या इवल्या जिवाबद्दल मनात आदर साठत गेला. थोडी काळजीही.

झाकण सरकवलं की आधी नर दिसतात. जेमतेम इंचभर, अंगावर नारिंगी-निळे ठिपके. माद्या मोठ्या आणि राखाडी. पोटाच्या मागच्या बाजूला काळसर डाग. तो गडद झाला की पिल्लं होणार हे समजावं. गप्पी अंडी घालत नाही, साधारण महिन्याभराने पोहती पिल्लंच जन्माला घालते. नराचं शुक्र ती कित्येक महिने साठवून ठेवते, म्हणून एकटी मादीही नव्या पाण्यात वंश रुजवू शकते. तोंड वरच्या अंगाला वळलेलं असल्याने पृष्ठभागाजवळच्या अळ्या तिला सहज टिपता येतात. प्राणवायू कमी पडला, तर हवेला लागून असलेल्या पातळ थरातलं पाणी कल्ल्यांत घेऊन ती तग धरते.

हा मासा मूळचा त्रिनिदाद, व्हेनेझुएला भागातला. तिथल्या ओढ्यांत जीवशास्त्रज्ञ जॉन एंडलर यांनी केलेलं संशोधन १९८० साली प्रसिद्ध झालं. मोठ्या शिकारी माशांच्या सहवासातले गप्पी नर फिके असतात. त्यांना तसे शिकारी नसलेल्या ओढ्यात नेल्यावर थोड्याच पिढ्यांत नरांचे रंग खुलले. म्हणजे गप्पीचा रंगसुद्धा त्याचे शेजारी ठरवतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो भारतात आणला गेला तेव्हा मासा तेवढा आला, त्याला घडवणारे शेजारी तिकडेच राहिले.

शहरातल्या नाल्यांच्या काळ्या पाण्यातही मी गप्पींचे थवे पाहिले आहेत. काठावरचे लोक ते दाखवून म्हणतात, मासे आहेत म्हणजे पाणी बरं असणार. गप्पीच्या बाबतीत हा हिशेब चुकतो. त्याचं असणं पाण्याच्या शुद्धतेची ग्वाही देत नाही, फक्त त्याच्या चिवटपणाची देतं.

हाच चिवटपणा तलावात गेला की प्रश्न उभा राहतो. सिरपूर तलाव आणि यशवंतसागर ही इंदूरची दोन्ही पाणथळं २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत आली. अशा पाण्यात पुंटियस, रासबोरा यांसारखे आपले छोटे मासेही कीटक आणि अळ्या खातात, आणि पाणपक्षी त्यांच्यावर जगतात. गप्पी अळ्यांबरोबर इतर माशांची अंडी आणि कोवळी पिल्लंही खातो. अन्नात वाटेकरी होतो तो वेगळाच. एकदा पसरला की त्याला वेचून काढणं जवळपास अशक्य.

म्हणून बंदिस्त हौदात गप्पी जरूर असावा; तलाव, नदी, ओढ्यात तो सोडू नये. हौद धुताना मासे बादलीत काढून घ्यावेत, नाल्यात जाऊ देऊ नयेत. घरातल्या काचेच्या टाकीचा कंटाळा आला म्हणून तिच्यातले मासे तलावात सोडण्यात भूतदया नाही. आणि पिंपाला घट्ट झाकण लावणं, आठवड्यातून एकदा ते घासून कोरडं करणं ही कामं आपलीच आहेत, ती माशावर ढकलता येत नाहीत. कान्ह आणि सरस्वती या आपल्या नद्यांची तब्येत तपासतानाही पाण्यात मासे आहेत एवढ्यावर समाधान मानू नये. कोणते आहेत आणि पूर्वीचे कोणते उरले नाहीत, हे विचारावं.