ऐकू न येणारी सुधारणा

सोनीने २०१६ साली एनडब्ल्यू-डब्ल्यूएम१झेड नावाचा वॉकमन काढला. तांब्याचं अंग, त्यावर सोन्याचा मुलामा, वजन साधारण साडेचारशे ग्रॅम. २०२२ साली त्याची पुढची आवृत्ती आली. तिच्यात अँड्रॉइड, वाय-फाय, थेट स्ट्रीमिंग, आणि किंमत काही लाखांत. ज्याच्याकडे पहिला आहे आणि नीट चालतोय, त्याने दुसरा घ्यावा का?

‘पैसे असतील तर घे’ म्हणून हा प्रश्न मिटत नाही. कारण खरा प्रश्न खिशाचा नाही, कानाचा आहे.

सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. एखादी कंप्रता पकडायला तिच्या दुपटीहून जास्त नमुने लागतात. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या आसपास थांबतो, वय वाढलं की त्याआधीच. म्हणजे १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीनेच ती हद्द गाठली होती. २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी हाय-रेझोल्यूशन ध्वनी आणि तोच ध्वनी सीडीच्या दर्जावर उतरवून, असे दोन्ही श्रोत्यांना ऐकवले. कुठला कुठला हे ओळखण्यात जवळपास निम्मी उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी तितकीच आली असती.

हा प्रयोग फॉरमॅटचा होता, प्लेअरचा नव्हे. दोन प्लेअरमध्ये फरक असू शकतो: एखादा जड हेडफोन्सना पुरेशी ताकद देत नाही, एखाद्यात बारीक खरखर असते. पण हे फरक मोजता येतात, आणि महागड्या प्लेअरने ते बहुतेक आधीच मिटवलेले असतात.

मग ‘नव्यावर गाणं उघडल्यासारखं वाटतं’ म्हणणारा खोटं बोलतो का? अजिबात नाही. अपेक्षेने अनुभव खरोखर बदलतो. त्याला झालेला आनंद खरा आहे, फक्त त्याचं कारण त्याने चुकीचं सांगितलंय. इथे कुणी म्हणेल, आनंद खरा असेल तर कारणाशी काय देणंघेणं?

देणंघेणं आहे. कारण अपेक्षेतून आलेला आनंद अपेक्षेबरोबरच जातो. पुढचं मॉडेल जाहीर होतं, त्या दिवशी हातातल्या प्लेअरमधला एक बिटही बदललेला नसतो. तरी तोच आवाज अचानक थोडा मिणमिणीत वाटू लागतो. म्हणजे काय चांगलं वाजतंय हे ठरवायचा अधिकार आपण कानाकडून काढून जाहिरातीच्या हातात दिला. तीन लाखांपेक्षा हा तोटा मोठा आहे, कारण पैसे पुन्हा कमावता येतात.

१९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर गेलेल्या तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे. मूळ ध्वनिमुद्रण जुनं, साडेतीन मिनिटांचं, आजच्या मोजपट्टीवर सामान्यच. त्यात काही कमी आहे असं ऐकताना वाटत नाही. वाटलं, तर आपण बाईंचं गाणं नाही, यंत्र ऐकतोय.

म्हणून एक साधा नियम. बॅटरी गेली असेल, स्ट्रीमिंग खरोखर हवं असेल, तर खुशाल घ्यावा. ती गरज आहे. ‘आवाजासाठी’ घ्यायचा असेल तर आधी मित्राला दोन्ही प्लेअर लावायला सांगावं. दोन्हींचा आवाज मोजून सारखा करावा, कारण किंचित मोठा आवाज नेहमी सरस वाटतो. मग डोळे मिटून दहा वेळा ओळखावं. ओळखता आलं, तर पैसे वाया नाहीत. नाही आलं, तर हवं ते आधीच आपल्याकडे आहे, आणि हेही कळायला कानच लागतात.