विश्वजिताची दक्षिणा

विश्वजित यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दक्षिणा म्हणून द्यायचे असते. पण 'आपले' म्हणजे काय, याची मीमांसकांनी बारकाईने चिकित्सा केली. आई-वडीलही आपलेच असतात, मग तेही देऊन टाकायचे का? नाही. ज्यावर आपली सत्ता चालते तेवढेच दानाला योग्य. मग पुढचा प्रश्न आला, यजमान सार्वभौम राजा असेल तर त्याने भूमी द्यावी का? मीमांसासूत्रकार जैमिनीचे उत्तर नकाराचे आहे. भूमीशी सगळ्यांचे नाते सारखे आहे, म्हणून ती देऊन टाकण्याचा अधिकार एकट्या राजाला नाही. त्याचा हक्क रक्षणाच्या मोबदल्यात मिळणाऱ्या वाट्यापुरता. सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांनी 'व्यवहारमयूखा'त हाच धागा पुढे नेला. मुलूख जिंकला तरी राजाला कर घेण्याचा अधिकार मिळतो, रयतेच्या शेताची मालकी मिळत नाही. नीलकंठ काशीचे, पण त्यांचे घराणे मूळ पैठणचे. जालना जिल्ह्याची दक्षिण शीव ज्या गोदावरीने आखली आहे तिच्याच काठचे.

या जुन्या वादाची आठवण भारत पेट्रोलियमच्या विक्रीच्या निमित्ताने यायला हवी होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या कंपनीतला सरकारचा जवळपास ५३ टक्के हिस्सा विकायचे ठरवले. पुढच्या वर्षी वेदान्त समूह, अमेरिकेची अपोलो ग्लोबल मॅनेजमेंट आणि आय स्क्वेअर्ड कॅपिटलची थिंक गॅस हे इच्छुक पुढे आले. जुलै २०२१ मध्ये अशा विक्रीला काढलेल्या तेल कंपन्यांत थेट परकी गुंतवणुकीची मर्यादा ४९ वरून १०० टक्क्यांवर नेण्यात आली. सगळी चर्चा किंमत किती येईल आणि घेणारा देशी की परदेशी यावरच फिरत राहिली. माझ्या मते त्याआधीचा प्रश्न जैमिनीचा आहे: देणाऱ्याला हे देता येते का?

जालन्याच्या शेतकऱ्याला मालकी आणि वहिवाट यांतला फरक पोथीतून शिकावा लागत नाही. सातबाऱ्यावर 'खिदमतमाश' हा शब्द दिसला की जमीन घ्यायला आलेला माणूस दोन पावले मागे सरतो. ती जमीन देवळाच्या दिवाबत्तीसाठी किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली असते. कसणारे घर पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर पोसते, पण ते सेवेच्या बदल्यात; जमिनीचे धनी ते नव्हे. सरकारचे भारत पेट्रोलियमशी नाते मला नेमके असेच दिसते. सरकारने कंपनी चालवावी, तिचा लाभांश घ्यावा, कारभारी नेमावेत. पण हे सगळे ज्यांची ती आहे त्यांच्या वतीने.

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे. कंपनी म्हणजे भूमी नव्हे. ती कुणीतरी भांडवल घालून उभी केली, आणि सरकारने भरपाई देऊन ती घेतली. राजाने विकत घेतलेल्या शेतावर त्याची मालकी असते, हे नीलकंठांनाही मान्य होते. खरे आहे. पण इथे खरेदीचा पैसा राजाच्या गाठीचा नव्हता, खजिन्याचा होता. भारत पेट्रोलियम ज्या कंपनीतून घडली त्या बर्मा शेलचा मुंबईतल्या माहूलचा शुद्धीकरण कारखाना १९५५ साली सुरू झाला. १९६० साली स्वस्त रशियन कच्चे तेल शुद्ध करून द्यायला बर्मा शेलसह इथल्या परकी कंपन्यांनी नकार दिला, आणि तेलावर आपली सत्ता नसणे म्हणजे काय ते देशाला कळले. १९७६ साली संसदेने कायदा करून ही कंपनी घेतली. शिवाय ती निव्वळ भांडवलावर उभी नाही. मुंबईहून मनमाडजवळच्या पानेवाडीला येणारी तिची वाहिनी शेताशेतांखालून येते, आणि तिथून मराठवाड्याकडे टँकर निघतात. अशा वाहिनीसाठी १९६२ चा कायदा आहे. जमीन शेतकऱ्याचीच राहते, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो आणि त्यासाठी बाजारभावाच्या दहा टक्के मोबदला. त्या पट्ट्यात पीक घेता येते. घर बांधता येत नाही, विहीर खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. सार्वजनिक कामासाठी म्हणून मोडता घातलेली ही विहीर उद्या कुणाच्या नफ्यासाठी अडून राहणार, हे त्या शेतकऱ्याला कुणी विचारले?

दुसरा आक्षेप असा की सरकार निवडून आलेले आहे, म्हणजे लोकांना विचारूनच दिले. पण मुखत्यारपत्र कारभाराचे असेल तर त्यावर घर विकता येत नाही. सप्टेंबर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम यांच्या विक्रीबद्दल हेच म्हटले: संसदेने कायद्याने जे घेतले ते सोडायचे तर संसदेकडेच जावे लागेल. पुढे काय झाले? २०१६ साली कालबाह्य कायद्यांची लांबलचक यादी रद्द झाली, तिच्यात बर्मा शेलचा कायदाही गेला. अडसर निघाला, पण 'ही कंपनी विकायची का' हा प्रश्न स्वतंत्रपणे संसदेपुढे आलाच नाही. कागदोपत्री याला संमती म्हणता येईल, पण मी म्हणणार नाही.

खासगी मालक कारभार चोख ठेवील, हा तिसरा आक्षेप. ठेवीलही, सरकारी कंपन्यांतला ढिसाळपणा झाकण्याचे कारण नाही. पण विश्वस्त चुकला तर त्याला बदलतात, देवस्थान विकत नाहीत. आणि नफ्याच्या हिशेबाचे दुसरे टोक आपण पाहिले आहे. २००८ साली सरकारी कंपन्या तोट्यात इंधन विकत असताना रिलायन्सने आपले सुमारे १,४०० पंप बंद केले. २०२२ साली पुन्हा भाव गोठले, खासगी पंपांनी हात आखडता घेतला, तेव्हा दुर्गम भागातल्या पंपांनाही पुरवठा चालू ठेवण्याचे बंधन सरकारला घालावे लागले. अंबड-घनसावंगीच्या मोसंबी बागायतदाराला ट्रॅक्टरसाठी डिझेल लागते ते भाव परवडतो तेव्हाच नव्हे, रोज लागते.

म्हणून विक्री कधीच होऊ नये असे मी म्हणत नाही. ज्यांचे आहे त्यांनी समजून-उमजून दिले तर ते दान शुद्ध आहे. मे २०२२ मध्ये ही विक्री मागे घेतली गेली ती बहुतेक इच्छुकांनी असमर्थता कळवल्यामुळे; हक्काच्या प्रश्नापाशी कुणी थांबले म्हणून नव्हे. गिऱ्हाईक पुन्हा येईल. तेव्हा जालन्याच्या मतदाराने आपल्या खासदाराकडे एवढेच मागावे: कंपनीचे नाव घालून विधेयक आणा, आणि त्यावर तुमचे मत नोंदवा.