सोसावे की सांगावे?

अंथरुणाला खिळलेला रुग्ण बेल वाजवतो आणि बराच वेळ कोणी येत नाही. आपण तिथे असू, तर मन विचारते : निमूट सोसावे की तक्रार करावी? साधकाला तक्रार शोभते का?

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये लिहून ठेवले, की जो त्रास आपण आजाराचा समजतो, तो पुष्कळदा शुश्रूषेतल्या उणिवेचा असतो. स्वतः कूस बदलू न शकणाऱ्या रुग्णाला साधारण दर दोन तासांनी वळवावे लागते. ते राहून गेले, तर पाठीला जखमा होतात. अशा वेळी आपण गप्प राहिलो, तर त्याची किंमत शेजारच्या खाटेवरचा रुग्णही मोजतो.

म्हणून सांगावे. पण सांगण्याआधी त्या सिस्टरकडेही पाहावे. रात्रपाळीला सारा वॉर्ड तिच्या एकटीवर असेल, तर दोष तिचा किती आणि पुरेशी माणसे न नेमणाऱ्यांचा किती? काय राहिले, किती वाजता राहिले, ते शांतपणे मेट्रनना सांगा. गरज पडल्यास लेखी द्या.

चूक दाखवावी, माणसाला क्षमा करावी. आणि सिस्टर आल्या, की एकदा विचारून पाहा, “सिस्टर, तुम्ही जेवलात का?”