खिचडी होईपर्यंत

वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे)ला एक सुतार होता. तान्हा पोळा जवळ आला की त्याला मान वर करायला फुरसत नसे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी नंदी सजवून मिरवतात, घरोघरी नेऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. सिंदीचा तान्हा पोळा तर पंचक्रोशीत नावाजलेला. त्यामुळे श्रावणभर त्याच्या ओट्यावर नंदीच नंदी असत. कुणाला शिंगं बसवायची, कुणाला चाकं.

त्या साली त्याचा मुलगा नगरपरिषदेच्या शाळेत पहिलीत गेला. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे पोराला जेमतेम दोन महिने झाले होते. रोज संध्याकाळी रंधा मारता मारता बाप विचारायचा, "आज काय शिकवलं रे?"

"काई नाही."

"गाणं? कविता?"

"काई नाही, बाबा."

मग बाप त्याला आकडे म्हणायला लावायचा. पोरगा बारापर्यंत धडाधड जायचा आणि तिथं अडायचा. बापाचा आवाज चढला की बारासुद्धा विसरायचा. आई आतून म्हणायची, "राहू द्या ना जी, लहान हाय तो."

"लहान हाय, पण बाई शिकवतच नसन त्याले," बाप म्हणाला. दुसऱ्या दिवशी हातातलं काम टाकून तो शाळेत गेला.

बाई वर्गावर होत्या. "बोलू ना, भाऊ," त्या म्हणाल्या, "पण आधी जरा बसा."

"घरी नंदी पडले हायत, मॅडम."

"खिचडी होईपर्यंत बसा. मग बोलू."

तो मागच्या पट्टीवर मांडी घालून बसला. पोरं थोडा वेळ वळून वळून पाहत राहिली, मग विसरली. त्याचा पोरगाही विसरला.

पोराच्या शेजारी एक मुलगा होता. त्याचे आईबाप छत्तीसगडहून रेल्वेच्या कामावर आले होते. त्याला मराठी अजून कळत नव्हतं. बाईंनी पुस्तक काढायला सांगितलं की सुताराचा पोरगा आधी त्याचं पान उघडून द्यायचा, मग आपलं. घरी याला स्वतःची चप्पल सापडत नसे!

मग बाईंनी काड्या वाटल्या. दहा-दहांचे गठ्ठे बांधलेले, काही सुट्या. "तेरा कसे दाखवाल?" पोरानं एक गठ्ठा ठेवला, शेजारी तीन काड्या. "सतरा?" एक गठ्ठा, सात काड्या. शेजाऱ्याचा गठ्ठा सुटला, तर तोही मोजून बांधून दिला. पुढं बाईंनी तेरा काड्या दाखवून त्याला किती ते विचारलं, तेव्हा मात्र तो अडलाच. जरा थांबून म्हणाला, "दहा आन् तीन."

"बरोबर. त्यालाच तेरा म्हणतात," बाई म्हणाल्या आणि पुढच्या मुलाकडे वळल्या.

बाप पाहत राहिला. म्हणजे पोराला तेरा येत होते. रोज ओट्यावर बसून आपण त्याला फक्त नावासाठी रडवत होतो.

खिचडी आली. ताटं वाटायचं काम त्या दिवशी त्याच्याच पोराकडे होतं. एक ताट कमी पडलं. पोरानं ओळ पुन्हा मोजली, आपलं ताट शेजाऱ्यापुढं सरकवलं आणि दुसरं मागायला स्वयंपाकाच्या खोलीकडे पळाला.

हात पुसत बाई आल्या. "हं, बोला भाऊ. काय म्हणत होता?"

"काई नाही," सुतार म्हणाला. मग थोड्या वेळानं, "या काड्या मोडत असतीन. लाकडाच्या करून आणू काय?"

नंदी करून उरलेल्या तुकड्यांच्या त्यानं पट्ट्या केल्या, प्रत्येकीवर दहा खाचा. काही सुटे ठोकळेही केले. त्या संध्याकाळपासून काय शिकवलं हे त्यानं विचारलं नाही. "तो तुह्या बाजूचा पोरगा जेवला काय आज?" एवढंच विचारलं. पोरगा बोलू लागला तो झोप येईपर्यंत थांबला नाही.

याच जिल्ह्यात, वर्ध्याला, 1937 च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि मुलांनी हातानं काम करत शिकावं असा आग्रह त्यांनी धरला. सुताराला ते ठाऊक नव्हतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, हेही त्याला पुढं बाईंनीच सांगितलं. समिती हवीच. पण बैठकीत पत्रे, पाणी आणि पैसे दिसतात. शेजाऱ्याचं पान उघडून देणारा आपला मुलगा दिसत नाही. घरी तो "काही नाही" म्हणतो, त्यात लपवाछपवी नसते. दिवसभर जे केलं त्यालाच शिकणं म्हणतात, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

तेव्हा मुलाच्या शाळेत जायला निकालाच्या दिवसाची वाट पाहू नका. बाईंना विचारून एखाद्या साध्या दिवशी जा. तक्रार असली तरी जा, फक्त खिचडी होईपर्यंत थांबा.